दोन महाल आणि मधलं पाणी

अमेरिकेत भाड्याची जागा बघायला गेलं की मालक बाथरूम दाखवतो, पार्किंग दाखवतो, कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा ते सांगतो. ओहायोतल्या डब्लिनमध्ये काकांनी आम्हाला गोटी दाखवली. हिरवी, काचेची, लहानपणी खेळायचो तसली. खिशातून काढून त्यांनी ती बेसमेंटच्या मधोमध फरशीवर ठेवली, ओठांवर बोट ठेवून मला आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, गप्प केलं, आणि आम्ही तिघं वाकून त्या गोटीकडे बघत राहिलो. गोटी जागची हलली नाही.

"बघितलंत? सबंध डब्लिनमध्ये इतका सपाट तहखाना मिळणार नाही तुम्हाला!"

"अहो, त्यांना आधी टॉयलेट दाखवा!" वरून जिन्यातून काकूंचा आवाज आला.

तहखाना! मी निखिलकडे बघितलं, निखिलने माझ्याकडे बघितलं. मला तर वाटलं, हा म्हातारा आपल्याला कोंडून बिंडून ठेवतो की काय. मग काकांनी समजावलं की मुघलांच्या महालांत जमिनीखाली गार खोल्या असत, उन्हाळ्याच्या दुपारी बादशहा तिथे जाऊन पडे, आणि अशा जागेला बेसमेंट म्हणणं हा तिचा अपमान आहे. पुढे कळलं की त्या घरात कशालाच त्याच्या नेहमीच्या नावाने बोलवत नाहीत. किचन म्हणजे मुदपाकखाना. गॅरेज म्हणजे पीलखाना, हत्तींचा तबेला, कारण आत काकांची जुनी अवाढव्य व्हॅन उभी असायची. बाथरूम अर्थातच हम्माम. "काकू, काका कुठायत?" असं विचारलं की काकू पोळी लाटता लाटता शांतपणे सांगायच्या, "हम्मामखान्यात. फोन घेऊन गेलेत, आता अर्धा तास विसर त्यांना."

आम्ही जागा घेतली. खरं सांगायचं तर गोटीमुळे नाही, काकूंच्या पोळ्यांच्या वासामुळे.

काका मूळचे भुसावळचे. एका इन्शुरन्स कंपनीत मेनफ्रेम कॉम्प्युटरवर जन्म काढलेला, आता रिटायरमेंटला टेकलेले, बहुतेक दिवस घरूनच काम. दिसायला अगदी कुणाचेही काका असावेत तसे. डोक्याला कानटोपी, ऑक्टोबर ते मे. पण मीटिंग संपवून हेडफोन काढला की या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट वाहायला लागायची, आणि ती म्हणजे पाणी. मुघलांचं पाणी. कुठून आणलं, कसं चढवलं, कुठल्या पायरीवर खळखळवलं, कुठे शांत केलं. कारंज्याला पंप नव्हता, वीज नव्हती, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी नाचवत होते लेकाचे, हे सांगताना काकांच्या हातातला चहा बशीत सांडायचा आणि ते सांडलेला चहा कोणत्या बाजूला पळतोय तेही बघून घ्यायचे.

ताजमहालाचा विषय काढायची मात्र सोय नव्हती. निखिलने पहिल्याच आठवड्यात काढला. काका एकदम गार पडले. "ताज सुंदर आहे. पण ते थडगं आहे रे बाबा. माणूस गेल्यावर काय बांधलं ते सगळ्या जगाला पाठ. तो जिवंत असताना हसला कुठे, गाणं ऐकलं कुठे, पाण्यात पाय सोडून गप्पा कुठे मारल्या, हे कुणी विचारतच नाही. मी सुखाच्या इमारतींचा माणूस आहे." हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की निखिलने 'सॉरी' म्हटलं.

इथल्या महाराष्ट्र मंडळात त्यांना सगळे मागून 'बादशहा' म्हणायचे, आणि हे त्यांना माहीत होतं, आणि आवडायचंही. कुणाच्याही वास्तुशांतीला गेले की चपला काढल्या काढल्या गोटी बाहेर. एकदा एका बड्या आयटी डिरेक्टरच्या घरी, नवंकोरं घर, छताला झुंबर, जिना दोन्हीकडून वळत आलेला, सत्यनारायणाची पोथी चालू, आणि काकांची गोटी दिवाणखान्यातून निघाली ती डायनिंग टेबलाखालून, गुरुजींच्या मांडीला वळसा घालून, थेट फ्रिजखाली. पोथी थांबली. घराची मालकीण पांढरीफटक. काका हात जोडून म्हणाले, "घर ईशान्येकडे उतरलंय. पण शुभ दिशा आहे, काळजी करू नका." आणि गंमत अशी की त्यानंतर मंडळातला जो तो घर घेण्याआधी काकांना सोबत न्यायला लागला!

एकदा एका तरुणाने त्यांना चारचौघांत छेडलं. गणपतीत जेवणाच्या पंगतीत. "काका, आपण मराठी माणसं, आणि तुम्ही काय सारखं मुघल मुघल करता?" काकांनी मसालेभाताचा घास गिळला, पाणी प्यायले. "बाळा, मी दर ट्रिपला रायगड चढतो. गुडघे गेलेत तरी चढतो, रोपवेने जात नाही. औरंगजेबाशी माझं तुझ्याइतकंच भांडण आहे. पण कारंज्याशी काय भांडायचं?" आणि मग त्याच्या पानात स्वतःच्या हाताने जिलबी वाढली. तो मुलगा नंतर काकांच्या परसात माती उपसायला येऊ लागला.

परसाचं सांगण्याआधी महाल गुलाराचं सांगायला हवं. आणि ते काकांकडून नाही, काकूंकडून ऐकण्यात मजा.

काकूंचं माहेर बऱ्हाणपूरचं. म्हणजे मध्य प्रदेश, पण घरात मराठी. भर पावसाळ्यात काका तिथे त्यांना बघायला गेले. गाडी लवकर पोचली, कार्यक्रम संध्याकाळचा, मग मुलीच्या भावाने पाहुण्यांना वेळ घालवायला फिरवून आणायचं ठरवलं. स्कूटरवर मागे बसवून गावाबाहेर नेलं. तिथे उतावळी नदी आहे. नदीला आडवा मुघलांच्या वेळचा बांध, आणि बांधाच्या दोन टोकांना, समोरासमोर, दोन महाल. शहाजहान शहजादा होता तेव्हाचे, असं सांगतात. लोक म्हणतात, गुलारा नावाची एक गाणारी होती. एका महालात शहजादा बसायचा, समोरच्या महालातून ती गायची, आणि मधून बांधावरून पाणी कोसळायचं. खरं काय नि खोटं काय, देव जाणे. पण त्या दिवशी नदी भरून आली होती आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याची एक सलग चादर पडत होती. चादर हा काकांचा शब्द नाही, मुघलांचाच. अशा पडत्या पाण्याला ते चादरच म्हणायचे.

"आणि हे तिथे बसले," काकू सांगायच्या. "बसले ते बसलेच. माझा भाऊ म्हणतोय, चला, घरी वाट बघतायत. हे म्हणतायत, थांबा. इकडे माझे पोहे गार. परत गरम केले, परत गार. बाबांना वाटलं, मुलगा पळाला. शेवटी दिवेलागणीला आले, नखशिखांत भिजलेले, भावाचा लेंगा घालून बसवले माझ्यासमोर. मी खाली मान घालून चहा दिला. यांनी मला काय विचारलं असेल?"

"काय?"

"'तुम्ही बघितलाय का तो महाल?' मी म्हटलं, हो, शाळेच्या सहलीला. म्हणाले, 'मग माझं ठरलं.' बाई गं! मला धड बघितलंसुद्धा नाही! सवतीच्या घरून आले नि मला हो म्हणून गेले."

तेव्हापासून काकू गुलाराचं नाव घेत नसत. 'ती बाई' म्हणायच्या. इतक्या वर्षांचा संसार, पण 'ती बाई' म्हणताना ओठ अजून मुडपायच्या. आणि काका समोर बसून असे खूश व्हायचे की विचारू नका.

आता परस. आम्ही राहायला गेलो तेव्हा मागच्या हिरवळीत एक लांबट तळं खणून झालं होतं आणि त्याच्या दोन काठांना दोन लाकडी गझीबो, म्हणजे छप्पर असलेले उघडे मंडप, समोरासमोर उभे होते. हार्डवेअरच्या दुकानात खोक्यात सुटे भाग मिळतात, तसले. काकांनी त्यांना घुमट चढवले होते, कमानी कापून बसवल्या होत्या, आणि रंग काढला होता, त्यांच्या मते संगमरवरी, काकूंच्या मते ताकाचा. सिमेंटचा पाया घातला तर टाउनशिपचं परमिट लागतं, म्हणून दोन्ही चौथरे जमिनीवर मांडलेल्या ठोकळ्यांवर नुसते टेकवलेले. या चौथऱ्यापासून त्या चौथऱ्यापर्यंत, तळ्यावरून आडवी, एक लांब पन्हळ. पंपाने तळ्यातलं पाणी पन्हळीत चढायचं आणि पन्हळ भरली की तिच्या काठावरून परत तळ्यात पडायचं. म्हणजे बांध. म्हणजे उतावळी नदी. म्हणजे ओहायोतला महाल गुलारा.

फक्त एक गोष्ट जमत नव्हती. चादर. पाणी पडायचं, पण कधी डावीकडून धार, कधी मधून तीन धारा, कधी उजव्या कोपऱ्यातून नळ सोडल्यासारखं. सलग, एकसंध चादर पडायला पन्हळीचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी एका पातळीत हवा. काडीभर इकडे-तिकडे झालं की पाणी बरोबर ओळखतं आणि उताराला पळतं. काका दोन उन्हाळे त्याच्या मागे होते. मी सकाळी कॉल घ्यायला खिडकीशी बसायची, तर बाहेर हा मनुष्य कानटोपी घालून पोटावर पालथा पडून पन्हळीखाली पत्र्याचे तुकडे सरकवतोय.

आणि त्यात आलं एचओएचं पत्र.

एचओए म्हणजे आपली सोसायटीची कमिटी, फक्त पोस्टाने बोलणारी. नियम असा की एका परसात एकच बांधकाम. काकांच्या परसात दोन. सप्टेंबर अखेरपर्यंत एक काढा, नाहीतर आम्ही माणसं पाठवून दोन्ही काढू. कमिटीचा अध्यक्ष रॉन, गल्लीच्या टोकाला राहणारा. धिप्पाड गडी, कॉलेजात फुटबॉल खेळलेला, स्वभावाने गरीब पण नियमाला पक्का. तो स्वतः येऊन सांगून गेला. काकांनी त्याला आत बसवला, खरबूज कापून दिलं, आणि बाबर हिंदुस्थानात आल्यावर खरबुजासाठी कसा झुरला ते सांगितलं. रॉनने सगळं ऐकून घेतलं, दोन फोडी खाल्ल्या, आणि म्हणाला, "सर, आय स्टिल नीड यू टू टेक वन डाउन."

"कोणता काढू?" काकांनी विचारलं. "जिथे बसून ऐकायचं तो, की जिथून ऐकू येतं तो?"

रॉनने तिसरी फोड उचलली आणि पत्रातल्या तारखेवर बोट ठेवलं.

त्याच सुमारास मला सातवा लागला. आईच्या व्हिसाची तारीख पडली ती माझ्या बाळंतपणाच्या तोंडावरची. डोहाळजेवणाला ती येऊ शकणार नव्हती. व्हिडिओ कॉलवर ती हसत बोलायला गेली आणि मधेच तोंड फिरवलं. "माझ्या लेकीचं डोहाळजेवण, आणि मी इथे नाशकात भाजी निवडत बसणार." मलाही रडू आलं. मी वरच्या मुदपाकखान्यात बसले होते. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ताई, डोहाळजेवण कोणी नावेत करतं, कोणी झोपाळ्यावर, कोणी बागेत. बरोबर? तुमच्या मुलीचं आपण महालात करू. पाण्याकाठी. चादर पडत असताना. मी शब्द देतो."

काकू पोळी लाटायच्या थांबल्या. काका बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "यांना वेड लागलंय. चादर कधी पडलीय का आजवर? आणि तुला म्हणून सांगते, त्यांनी ठरवलंय. तुझा कार्यक्रम शनिवारी. रविवारी स्वतःच्या हाताने समोरचा महाल उतरवणार. म्हणाले, एक दिवस पडू दे पाणी, मग मी कुरकुर करणार नाही." काकूंनी पोळी तव्यावर टाकली. "तो त्या बाईचा महाल. मला काय, उतरला तर उतरला." पण डोळे पुसले त्यांनी, पिठाच्या हाताने.

म्हणजे एकच दिवस होता त्यांच्याकडे. दोन उन्हाळे जे जमलं नाही, ते एका दिवशी जमायला हवं होतं.

शनिवारी सकाळी सहालाच माझ्या खिडकीवर थापा. काका! मी घाबरून बाहेर गेले, अवघडलेली, स्वेटर उलटा घातलेला. त्यांनी नुसता हात केला. पन्हळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी पडत होतं. एक सलग चादर. मागचं गवत दिसत होतं तिच्यातून, थरथरताना. आणि आवाज! धारेचा आवाज वेगळा असतो. हा आवाज सगळीकडून येत होता, भरलेला. मी काकांच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क रडले. ते म्हणाले, "आता थंडीत उभी राहू नको पोरी. जा, नटायला लाग." आणि त्यांनी पंप बंद केला, दुपारसाठी राखून ठेवायला.

डोहाळजेवण म्हणजे बायकांचं राज्य. काकूंनी निखिलला आणि बाकीच्या नवऱ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, पीलखान्यात बसायचं, तिथेच जेवायचं, इकडे फिरकायचं नाही. अलीकडच्या महालात झोपाळा टांगलेला, फुलांच्या माळा, जेवणाची टेबलं, ओटीची ताटं, पेढा की बर्फी ओळखायच्या झाकलेल्या वाट्या. मला हिरवी साडी, फुलांचा मुकुट, बाजूबंद, आणि झोपाळ्यावर बसवलेली. मोगरा जवळच्या कोलंबसमध्ये मिळेना म्हणून कुणीतरी न्यूजर्सीहून मागवला होता. भोवती मंडळातल्या झाडून सगळ्या बायका, पैठण्यांत, अत्तरांत, आणि एकाच वेळी बोलणाऱ्या. आईला मी समोरच्या खुर्चीवर फोनमध्ये उभी केली होती. "झोपाळा नीट बांधलाय ना?" हे तिचं तिसऱ्यांदा विचारून झालं.

काका तळ्याच्या कडेला, बायकांकडे पाठ करून, कारण पुरुषांना बंदी. काकूंनी वरून हाक दिली, "अहो, सोडा!" काकांनी पंप चालू केला.

पाणी पन्हळीत चढलं. भरलं. आणि सगळंच्या सगळं आमच्या बाजूच्या टोकाला धावत येऊन एका जाड धारेने भसाभस कोसळायला लागलं. काठाशी बसलेल्या दोघींच्या पैठण्या भिजल्या, ओरडा झाला, भज्यांची परात कुणीतरी डोक्यावर उचलून धरली. पलीकडची निम्मी पन्हळ कोरडी ठणठणीत.

मी काकांचा चेहरा पाहिला. आजवर कधी पाहिला नव्हता तसा. ते पन्हळीशी धावले, वाकले, बोट लावून बघितलं, पत्रा सरकवला, परत बघितलं. "सकाळी बरोबर होतं," ते म्हणत होते. "सकाळी बरोबर होतं गं. तू बघितलंस ना?" मी बघितलं होतं. मी झोपाळ्यावरून ओरडून सांगितलंही सगळ्यांना, मी बघितलंय! पण पाणी काही ऐकेना. आईचा फोनमधून आवाज, "काय झालं गं? काय झालं?"

आणि नेमका तेव्हाच कुंपणाच्या फाटकातून रॉन आत आला. हातात कागदांचं पुडकं. उद्याची मुदत, म्हणून आज आठवण करायला. समोर एवढ्या नटलेल्या बायका, मी फुलांची देवी होऊन झोपाळ्यावर, एक म्हातारा पाण्यात हात घालून रडवेला. बिचारा जागीच थिजला. म्हणाला, मी नंतर येतो.

पण आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं काकूंच्या रक्तात नाही. मग तो आपला महाल पाडायला आलेला का असेना! पण बसवायचा कुठे? इकडे पुरुषांना बंदी. पीलखान्यात न्यायचं तर घराला वळसा. काकूंनी तळ्यापलीकडे बोट दाखवलं. "रॉन, यू सिट देअर. आय ब्रिंग फूड."

रॉन मुकाट्याने तळ्याला वळसा घालून गेला आणि समोरच्या महालाच्या चौथऱ्यावर चढला. त्याचा भार पडला तसं लाकूड करकरलं.

पाणी हललं.

मी पाहिलं, काकांनी पाहिलं. आमच्या टोकाची धार बारीक झाली आणि पाणी काठाकाठाने पलीकडे सरकलं, मधोमध गेलं. रॉन एक पाऊल मागे सरला, पाणी परत आमच्याकडे आलं.

"डोण्ट मूव्ह!" काका किंचाळले. रॉनने दोन्ही हात वर केले.

मग काका वळले आणि पहिल्यांदाच आमच्याकडे बघितलं. सबंध मंडळ एका चौथऱ्यावर! सकाळी या चौथऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. आता इथे वीसेक बायका, त्यांच्या पैठण्या, श्रीखंडाची पातेली, झोपाळा, आणि सात महिन्यांची गरोदर मी. ठोकळे ओल्या मातीत दबले होते आणि पन्हळीचं हे टोक आमच्यासकट खाली बसलं होतं.

"वजन!" काका ओरडले. "वजन आहे तुमचं सगळ्यांचं!"

"काय बोलताय बायकांना!" काकू म्हणाल्या. पण त्यांनाही कळलं होतं. क्षणभर त्यांनी तळ्यापलीकडे बघितलं, मग पदर खोचला आणि पीलखान्याकडे तोंड करून अशी आरोळी ठोकली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "सगळे नवरे समोरच्या महालात! ताटं घेऊन या!"

नवरे आले. हातात ताटं, तोंडात घास, काय चाललंय पत्ता नाही. काका कंडक्टरसारखे हात करत होते. "दोघं चढा. अजून एक. निखिल, चढ. नाही, उतर! जास्त झालं! तुमचं वजन किती हो? बरं, तुम्ही कडेला." पाणी इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलत होतं, बायका इकडून सूचना देत होत्या, "डावीकडे घ्या! अहो, त्या जोशींना चढवा!", माझं हसून हसून पोट दुखायला लागलं आणि आतून बाळाने लाथ मारली. आई फोनमधून म्हणतेय, "जपून गं, जपून हस!"

नवऱ्यांना वाढायला कोणी नव्हतं. काकू मसालेभाताचं पातेलं घेऊन स्वतःच निघाल्या आणि त्या बाईच्या महालात चढल्या. चढताना काकांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "माझंसुद्धा वजन धरा हिशोबात."

तेवढ्याने जवळजवळ जमलं. मधे एक वीतभर फट राहिली होती कोरडी. काकांनी रॉनला खुणेने कोपऱ्याकडे सरकवलं. अजून थोडं. अजून. रॉन हातात मसालेभाताची प्लेट धरून, टाचा उचलून, चोरपावलांनी सरकला, आणि फट मिटली.

चादर पडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडच्या महालातले नवरे तिच्यामागे हिरवट, हलते दिसायला लागले. कुणीतरी हळूच डोहाळ्यांचं गाणं सुरू केलं, मग दुसरीने उचललं, आणि पलीकडून पाण्यातून काकूंचा आवाज त्यात मिसळला. काकू गातात हे मला तोवर माहीतच नव्हतं. आईने ओंजळीत तोंड धरलं होतं आणि ती हसत होती. माझ्या आईला मी तेव्हा इतकी जवळ बघितली, की व्हिसा, विमान, सगळं झूट वाटलं.

गाणं संपलं तेव्हा रॉन कोपऱ्यातून बोलला. त्याला ओरडून बोलावं लागलं, पाण्यामुळे. "सर! समजा मी यातला एक काढायला लावला, तर दुसरा काय कामाचा?"

"काहीच कामाचा नाही," काकांनी इंग्रजीत ओरडून सांगितलं. "नथिंग!"

रॉनने पाण्याकडे बघितलं, पन्हळीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. प्लेट कठड्यावर ठेवली, खिशातून पेन काढलं आणि हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं. "मग हे दोन नाहीयेत," तो म्हणाला. "धिस इज वन. नियमात एक चालतं."

काकांनी कानटोपी काढली, तिने तोंड झाकलं आणि सगळ्यांसमोर हमसाहमशी रडायला लागले. पलीकडून काकू ओरडल्या, "अहो, माणूस काय सांगतोय ते नीट ऐका तरी!" आणि त्याही रडत होत्या, आणि इकडे आम्हीही, काही कारण असलेल्या आणि काही नसलेल्या, सगळ्याच.

मग रॉनने अदबीने विचारलं, "कॅन आय गेट डाउन नाऊ?"

आणि तळ्याच्या दोन्ही काठांवरून, बायका, नवरे, काका, काकू, नाशिकहून आईसुद्धा, सगळे एका सुरात ओरडलो, "नो!"